रेडिओला केबलमधून वीज देताना प्लस-मायनसची गल्लत कशी टाळावी

तालुक्याच्या गावापर्यंत फायबर पोहोचलेले असते, पण जिनिंगच्या आवारातले काटाघर, गावाबाहेरचे वसतिगृह किंवा शेततळ्यावरचा कॅमेरा तिथून दोन-चार किलोमीटर दूर असतो आणि तेवढ्या एका जोडणीसाठी रस्ता खोदणे कोणालाच परवडत नाही. म्हणून लातूर, बीड, परभणी, हिंगोली या सगळ्या भागांत स्थानिक इंटरनेट पुरवठादार गच्चीवर लोखंडी पाईप उभा करतात आणि त्यावर पाच गिगाहर्ट्झचा रेडिओ बसवतात; ग्राहक त्याला सरसकट ‘डिश’ म्हणतात. या रेडिओला विजेची वेगळी वायर जात नाही. घरातल्या किंवा दुकानातल्या ॲडाप्टरमधून निघालेली वीज, डेटा वाहणाऱ्या त्याच इथरनेट केबलमधून वर चढते. यालाच आपण पीओई, म्हणजे पॉवर ओव्हर इथरनेट, म्हणतो.

या पद्धतीत सोय पुष्कळ आहे, पण एक फसवी बाजूही आहे. केबलच्या टोकाचा आरजे-४५ कनेक्टर सगळ्या कंपन्यांचा सारखाच असतो, तो कोणत्याही खाचेत ‘टक्’ करून बसतो, आणि आतल्या आठ तारांपैकी कोणत्या तारेवर प्लस आहे व कोणत्या तारेवर मायनस, हे बाहेरून कोणालाही दिसत नाही. ॲडाप्टरवर २४ व्होल्ट लिहिलेले आहे, रेडिओवरही २४ व्होल्ट लिहिलेले आहे, कनेक्टरही बसतो, एवढ्यावर दोन्ही एकमेकांसाठी योग्य आहेत असे मानणे हीच या कामातली सर्वांत महागडी समजूत आहे. हे काम नव्याने शिकणाऱ्या मुलांना पुढची कृती त्यासाठीच सांगायची आहे: रेडिओत जाणारा शेवटचा प्लग मल्टिमीटरने तपासल्याशिवाय कोणताही अनोळखी ॲडाप्टर आणि कोणताही अनोळखी रेडिओ एकमेकांना जोडू नये.

आधी तारांची ओळख

इथरनेट केबलमध्ये आठ तारा आणि त्यांच्या पिळलेल्या चार जोड्या असतात. प्लग हातात असा धरावा की खटका मागच्या बाजूला जाईल, सोनेरी पट्ट्या आपल्याकडे राहतील आणि केबल खाली लोंबेल. मग डावीकडची पट्टी ही १ क्रमांकाची पिन होते आणि उजवीकडची ८ क्रमांकाची. आपल्याकडे बहुतेक सगळे जण बी प्रकाराने क्रिम्पिंग करतात, म्हणजे तारा बी नावाच्या ठरलेल्या क्रमाने प्लगमध्ये दाबून बसवतात. त्यात १ पांढरी-नारिंगी, २ नारिंगी, ३ पांढरी-हिरवी, ४ निळी, ५ पांढरी-निळी, ६ हिरवी, ७ पांढरी-तपकिरी आणि ८ तपकिरी असा क्रम येतो. ए प्रकारात नारिंगी आणि हिरव्या जोड्यांची अदलाबदल होते, पण निळी जोडी ४-५ वरच राहते आणि तपकिरी जोडी ७-८ वरच राहते. आपल्या विषयाच्या दृष्टीने ही गोष्ट सोयीची आहे, कारण साध्या रेडिओंची वीज बहुधा याच दोन जोड्यांतून जाते आणि त्यामुळे क्रिम्पिंग ए असो वा बी, बोलताना ‘निळी’ आणि ‘तपकिरी’ एवढे म्हटले तरी पुरते.

१० व १०० मेगाबिटच्या जोडणीत डेटासाठी फक्त १-२ आणि ३-६ या जोड्या लागतात, आणि उरलेल्या दोन जोड्या मोकळ्या असतात. या मोकळ्या जोड्यांचा विजेसाठी उपयोग करावा, या साध्या विचारातून २४ व्होल्टचे पॅसिव्ह पीओई रूढ झाले. गिगाबिट जोडणीत मात्र चारही जोड्यांतून डेटा जातो आणि वीज त्याच तारांवर स्वार होते. म्हणून तिथे तारांची अदलाबदल करताना जास्त विचार करावा लागतो. त्याबद्दल पुढे येईलच.

विचारून वीज देणारे आणि न विचारता देणारे

पीओईचे दोन मोठे प्रकार आहेत. पहिला प्रकार प्रमाणित आहे: ८०२.३एएफ हे प्रमाण २००३ साली आले, ८०२.३एटी २००९ साली आणि ८०२.३बीटी २०१८ साली. या प्रकारातला नेटवर्क स्विच किंवा इंजेक्टर (केबलमध्ये वीज सोडणारा ॲडाप्टर) आधी केबलवर ३ ते १० व्होल्टच्या आसपासचा अगदी किरकोळ दाब देऊन पाहतो, समोरच्या उपकरणात सुमारे २५ हजार ओहमचा ठरलेला रोध आढळला तरच पूर्ण वीज सोडतो, आणि ती वीज साधारण ४४ ते ५७ व्होल्ट असते. शिवाय, प्रमाणाप्रमाणे बनवलेल्या उपकरणाने वीज कोणत्या बाजूने प्लस आली आहे याची पर्वा न करता चालले पाहिजे. त्यासाठी त्याच्या आत डायोडचा ब्रिज, म्हणजे एकाच दिशेने वीज जाऊ देणाऱ्या भागांची उलटी वीज सुलट करणारी जोडणी, किंवा त्याच कामाची दुसरी रचना असते. म्हणून दोन्ही बाजू खरोखर प्रमाणित असतील तर पोलॅरिटी, म्हणजे प्लस-मायनसची दिशा, उलटी होण्याचा प्रश्न सहसा उद्भवत नाही.

दुसरा प्रकार पॅसिव्ह. यात कोणी कोणाला विचारत नाही. ॲडाप्टर बोर्डात घातला की केबलच्या टोकाला वीज हजर असते, मग समोर रेडिओ असो, राउटर असो की कोणाचा लॅपटॉप. युबिक्विटीचे जुने २४ व्होल्टचे रेडिओ आणि मायक्रोटिकची बहुतेक साधी उपकरणे या प्रकारात ४-५ वर प्लस आणि ७-८ वर मायनस मागतात, म्हणजे निळी प्लस, तपकिरी मायनस. हीच मांडणी बाजारात इतकी पसरली आहे की अनेकांना तीच एकमेव वाटते. पण मोटोरोलाची कॅनोपी मालिका बरोबर उलटी होती: तिच्यात ७-८ वर प्लस आणि ४-५ वर मायनस अशी जोडणी होती. हा व्यवसाय २०११ मध्ये केंबियम नेटवर्क्स या नव्या कंपनीकडे गेला आणि ती उलटी मांडणी पुढच्या कित्येक मॉडेलांतही राहिली, तर काही मॉडेल दोन्ही दिशांनी वीज घेतात. त्यामुळे कंपनीच्या नावावरून पोलॅरिटी ठरवू नये. मॉडेल क्रमांकाची डेटाशीट (कंपनीचे तांत्रिक माहितीपत्रक) उघडून पिनांचा तक्ता पाहणे एवढाच भरवशाचा मार्ग आहे.

आपल्या भागात या गल्लतीला एक जास्तीचे कारण आहे. मोठ्या शहरातल्या पुरवठादाराने उतरवलेला जुना माल इकडे स्वस्तात येतो. रेडिओ एका पोत्यातून येतात आणि ॲडाप्टर दुसऱ्या पोत्यातून. उन्हाळ्यात पत्र्याखाली तापून ॲडाप्टर मेला की जवळ असेल तो लावून वेळ भागवला जातो. ‘दादा, डिशचा लाईट लागत नाही’ असा फोन आला आणि आपण तिथे पोहोचलो की आपल्यासमोर असलेली जोडी मूळची आहे की मधल्या काळात कोणी तरी जुळवलेली, हे सांगायला सहसा कोणी नसते.

उलटी वीज गेली तर आत काय होते

हे रेडिओच्या आतल्या बचावावर अवलंबून असते. आत डायोडचा ब्रिज असेल तर काहीच बिघडत नाही, रेडिओ नेहमीसारखा सुरू होतो. एकच डायोड मार्गात असेल तर रेडिओ सुरू होत नाही, पण मरतही नाही. पोलॅरिटी सुलट केली की तो उठतो. तिसऱ्या रचनेत प्लस आणि मायनसच्या मध्ये आडवा डायोड असतो, जो मुळात विजेच्या झटक्यापासून संरक्षणासाठी बसवलेला असतो. उलटी वीज मिळाली की तो पूर्ण वाहू लागतो आणि ॲडाप्टरला जवळजवळ शॉर्ट दिसतो. अशा वेळी ॲडाप्टरचा दिवा विझतो किंवा लुकलुकतो. ॲडाप्टर चांगला असेल तर तो स्वतःला आवरतो आणि दोघेही वाचतात; ॲडाप्टर दांडगा असेल किंवा वीज थेट बॅटरीवरून येत असेल तर तो डायोड जळेपर्यंत प्रवाह चालू राहतो. आणि काहीच बचाव नसेल तर आतले कपॅसिटर आणि व्होल्टेज उतरवणारी चिप एका क्षणात जाते, ट्रॅक्टरच्या बॅटरीची टर्मिनल उलटी लावल्यावर जसा एकच ‘चट्’ आवाज येतो आणि नंतर काहीच होत नाही तसे.

यावरून एक व्यवहाराचा नियम निघतो. रेडिओ लावल्याबरोबर ॲडाप्टरचा दिवा मंद झाला, विझला किंवा लुकलुकू लागला, तर पुन्हा पुन्हा काढून-घालून पाहू नये. पहिल्या खेपेला वाचलेला डायोड पुढच्या खेपेला वाचेलच असे नाही.

आता कृती

सगळ्यात आधी एक छोटे साधन बनवून ठेवावे, कारण आरजे-४५ च्या खाचेत मल्टिमीटरच्या सुया खुपसून मोजणे धोक्याचे असते. सुई घसरली की दोन पिना एकमेकींना टेकतात आणि तपासणाराच शॉर्ट घडवतो. चांगल्या तांब्याच्या केबलचा हातभर तुकडा घ्यावा, एका टोकाला सरळ बी प्रकाराने प्लग क्रिम्प करावा आणि दुसऱ्या टोकाच्या आठही तारा सुट्या करून प्रत्येकीचे टोक थोडे सोलावे. मग निळी व पांढरी-निळी एकत्र पिळून एका कनेक्टर पट्टीच्या खणात बसवावी, तपकिरी व पांढरी-तपकिरी दुसऱ्या खणात, आणि तशीच नारिंगी व हिरवी जोडीही वेगवेगळ्या खणांत बसवावी. प्रत्येक खणावर कायमच्या शाईने पिनांचे क्रमांक लिहावेत. ज्या केबलच्या टोकाला प्लग आहे तिथे हे साधन जोडण्यासाठी एक साधा कपलर, म्हणजे दोन प्लग एकमेकांना जोडणारा तुकडा, लागेल. तो सरळ जोडणारा आहे, मधल्या तारा फिरवणारा नाही, याची एकदा मल्टिमीटरच्या कंटिन्युइटीने (तार सलग जोडलेली आहे का ते दाखवणाऱ्या खुणेने) खात्री करून घ्यावी.

दुसरे काम कागदाचे. रेडिओच्या मागचा मॉडेल क्रमांक वाचावा, डेटाशीटमध्ये तीन गोष्टी शोधाव्यात आणि वहीत लिहाव्यात: किती व्होल्ट लागतात, वीज पॅसिव्ह हवी की प्रमाणित, आणि प्लस कोणत्या पिनांवर हवे. ॲडाप्टरच्या लेबलवरही पुष्कळदा ‘४,५ प्लस; ७,८ मायनस’ अशी बारीक ओळ असते; उन्हाने पुसलेली असली तरी मोबाईलच्या कॅमेऱ्यातून मोठी करून ती वाचता येते. लेबल आणि मीटर यांचे एकमत झाले नाही तर मीटरचे ऐकावे, कारण आतला बोर्ड दुरुस्तीत बदललेला असू शकतो.

तिसरे काम मोजणीचे, आणि इथे घाई करू नये. रेडिओकडचा प्लग रेडिओतून काढलेला असला पाहिजे. मल्टिमीटरची काळी वायर ‘कॉम’ मध्ये आणि लाल वायर व्होल्टच्या खाचेत आहे ना, हे पाहावे; लाल वायर अँपिअरच्या खाचेत राहिली असेल तर मीटर स्वतःच शॉर्ट होतो, आणि आधी कोणी तरी प्रवाह मोजून मीटर तसाच ठेवलेला असणे ही नेहमीची गोष्ट आहे. चक्र डीसी २०० व्होल्टवर ठेवावे. ॲडाप्टर सुरू करून लाल सुई निळ्या खणाला आणि काळी सुई तपकिरी खणाला लावावी. आकडा २४ च्या आसपास आणि चिन्हाविना दिसला तर निळीवर प्लस आहे. आकड्याच्या आधी उणे चिन्ह दिसले तर तपकिरीवर प्लस आहे. दिवसाउजेडी गच्चीवर मीटरच्या पडद्यावरची ती छोटी आडवी रेघ सहज नजरेतून सुटते, म्हणून सावली करून पाहावे आणि मग सुया अदलाबदल करून चिन्ह खरेच बदलते का तेही पाहावे.

निळी-तपकिरीत काहीच आकडा आला नाही तर नारिंगी आणि हिरवी जोडी मोजावी, कारण काही उपकरणे १-२ आणि ३-६ वरून वीज देतात, तर जास्त वीज खाणारे काही गिगाबिट रेडिओ चारही जोड्या वापरतात. त्यात १-२ व ४-५ एका बाजूला आणि ३-६ व ७-८ दुसऱ्या बाजूला असतात. चारही जोड्यांत काहीच आढळले नाही, किंवा काही व्होल्टचा आकडा येतो-जातो असे दिसले, तर लगेच ‘ॲडाप्टर गेला’ असा निष्कर्ष काढू नये. तो प्रमाणित प्रकारचा असेल तर समोर ओळखीचा रोध दिसल्याशिवाय वीज सोडणारच नाही, आणि मल्टिमीटरला तो ओळखत नाही.

मोजणी कुठे करायची, याबद्दल माझे मत ठाम आहे: ॲडाप्टरच्या तोंडाशी नव्हे तर रेडिओत जाणाऱ्या शेवटच्या प्लगवर. मधल्या केबलमध्ये काय काय दडलेले असेल याचा भरवसा नाही. जुन्या १०० मेगाबिटच्या क्रॉस केबलमध्ये फक्त १-२ आणि ३-६ यांची अदलाबदल असते, त्यामुळे निळ्या-तपकिरीवरून जाणाऱ्या विजेला तिचा काही फरक पडत नाही. पण गिगाबिटच्या पूर्ण क्रॉस केबलमध्ये ४-५ आणि ७-८ यांचीही अदलाबदल होते, म्हणजे अशा केबलच्या एका टोकाला निळी प्लस असली तर दुसऱ्या टोकाला ४-५ वर मायनस येते. आजकाल पोर्ट आपोआप जुळवून घेत असल्याने अशी केबल डेटासाठी विनातक्रार चालते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. ॲडाप्टर बरोबर, रेडिओ बरोबर, पण मधली केबल पोलॅरिटी फिरवते.

याहून वाईट चूक क्रिम्पिंगची. समजा ४ आणि ७ या दोनच तारांची अदलाबदल झाली, तर रेडिओकडे एकाच जोडीच्या एका तारेवर प्लस आणि दुसरीवर मायनस येते. साध्या १०० मेगाबिट रेडिओत ४ व ५ आतून एकत्र जोडलेल्या असतात, म्हणून तो सरळ शॉर्ट होतो. गिगाबिट पोर्टमध्ये हा प्रवाह बारीक तारेच्या ट्रान्सफॉर्मरमधून जातो आणि ते वेटोळे जळते. मघाच्या साधनात आपण दोन-दोन तारा एकत्र पिळल्या आहेत, त्यामुळे अशी चूक असली तर ॲडाप्टरचा दिवा तिथेच विझेल आणि आपल्याला कळेल. केबल टेस्टर असेल तर तो आधी लावावाच. मात्र केबलवर वीज असताना टेस्टर लावू नये.

जुळत नसेल तर काय करावे

सर्वांत सरळ उपाय म्हणजे त्या रेडिओचा मूळ किंवा डेटाशीटशी जुळणारा ॲडाप्टर घेणे. ग्राहकाच्या घरी कायमची बसवणूक असेल तर मी दुसरा उपाय सुचवणार नाही. काही दिवस भागवायचे असेल किंवा उलट्या मांडणीचे रेडिओ बरेच असतील तर पोलॅरिटी फिरवणारा तयार तुकडा मिळतो, किंवा तो आपल्याला बनवता येतो.

१०० मेगाबिटच्या रेडिओसाठी वीतभर केबलच्या एका टोकाला सरळ बी प्रकार क्रिम्प करावा. दुसऱ्या टोकाला १, २, ३ आणि ६ तशाच ठेवाव्यात, आणि निळी ७ वर, पांढरी-निळी ८ वर, तपकिरी ५ वर, पांढरी-तपकिरी ४ वर टाकावी. जोडीतल्या जोडीत क्रम मागे-पुढे झाला तरी विजेला चालते, पण जोडी मोडता कामा नये. गिगाबिटच्या रेडिओसाठी ही अर्धवट अदलाबदल करू नये, कारण चारपैकी दोनच जोड्या फिरल्याने काही पोर्ट जुळवून घेतात आणि काही १०० वर अडकतात किंवा जुळतच नाहीत. तिथे पूर्ण क्रॉस करावा, म्हणजे १-२ ची अदलाबदल ३-६ शी आणि ४-५ ची ७-८ शी. डेटाचे पोर्ट आपोआप जुळवतात आणि चारही जोड्यांवरची वीज एकदम उलटते.

हा तुकडा कुठे लावायचा हेही ठरवावे लागते. तो ॲडाप्टरच्या पीओई खाचेत, म्हणजे खाली, डोळ्यांसमोर लावावा आणि त्यावर लाल टेप गुंडाळून ‘प्लस-मायनस उलट’ असे लिहावे. मुख्य लांब केबलचे क्रिम्पिंग उलटे करून काम भागवण्याची युक्ती अनेकांना सुचते, आणि ती त्या दिवशी चालतेही. पण वर्षभराने वाऱ्याने प्लग तुटला की दुसरा कोणी तरी वर चढून सवयीने सरळ बी प्रकार क्रिम्प करतो, आणि चांगला चालणारा रेडिओ त्या क्षणी उलट्या विजेवर येतो. पुढच्या माणसाला जे दिसणार नाही असे काही केबलमध्ये लपवून ठेवू नये.

तुकडा लावल्यावर पुन्हा शेवटच्या प्लगवर मोजावे आणि मगच रेडिओ जोडावा. जोडताना ॲडाप्टर बंद असावा, आधी वरचा प्लग बसवावा आणि नंतर खाली बटण सुरू करावे; ४८ व्होल्टच्या जोडण्यांत चालू विजेवर प्लग घातला तर पिनांवर ठिणगी पडून सोनेरी मुलामा जळतो.

दोन खाचांची अदलाबदल

ॲडाप्टरला दोन खाचा असतात, एक पीओईची आणि एक लॅनची. रेडिओची केबल पीओईत आणि राउटरची केबल लॅनमध्ये जायला हवी. हे उलटे झाले तर २४ व्होल्ट राउटरच्या पोर्टमध्ये जातात. कित्येक राउटरांत न वापरलेल्या जोड्यांना ७५ ओहमचे बारीक रोधक लावलेले असतात. प्लसकडचा एक आणि मायनसकडचा एक मिळून १५० ओहम झाले की २४ व्होल्टला सुमारे ०.१६ अँपिअर वाहतात आणि जवळजवळ ४ वॅट उष्णता तांदळाच्या कणीएवढ्या दोन रोधकांवर पडते. ४८ व्होल्टला तीच उष्णता चौपट होते. राउटरमधून करपल्याचा वास येण्याचे हे नेहमीचे कारण आहे. ग्राहकाच्या घरी काम संपवताना दोन्ही केबलींवर चिठ्ठी लावून जावे, कारण लाईट गेली-आली की घरातले लोक सगळे प्लग काढून पुन्हा घालतात.

पोलॅरिटीसारखी दिसणारी दुसरी दुखणी

रेडिओ सुरू होत नाही म्हणजे पोलॅरिटीच उलटी, असेही नाही. २४ गेजच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.०८४ ओहम असतो. दोन तारा जाण्यासाठी आणि दोन येण्यासाठी वापरल्या तर जाऊन-येऊनचा हिशेबही मीटरला तेवढाच येतो. म्हणजे ६० मीटर केबलला ५ ओहम. ८ वॅट घेणारा रेडिओ २४ व्होल्टवर साधारण एक तृतीयांश अँपिअर ओढतो आणि त्यात पावणेदोन व्होल्टच्या आसपास केबलमध्येच गळतात. हे चालण्यासारखे आहे. पण बाजारात तांब्याच्या नावाने तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल मिळते, तिचा रोध सुमारे दीडपट असतो, आणि लांबी वाढली की रेडिओ सुरू होऊन पाच-दहा सेकंदांत पुन्हा बंद पडतो. अशा रेडिओचा दिवा लागतो आणि विझतो. पोलॅरिटी उलटी असलेल्या रेडिओचा दिवा मुळात लागतच नाही. हा फरक पाहण्यासाठी मघाचे साधन रेडिओच्या आधी समांतर जोडून रेडिओ चालू असतानाचे व्होल्ट मोजावेत. रिकाम्या केबलवरचा आकडा नेहमीच चांगला दिसतो.

वळवाच्या पावसात आभाळातली वीज कडाडल्यानंतर कधी कधी केबलच्या सर्ज प्रोटेक्टरमधला (झटक्यापासून वाचवणाऱ्या उपकरणातला) डायोड कायमचा शॉर्ट होतो, तेव्हाही ॲडाप्टरचा दिवा पोलॅरिटी उलटी असल्यासारखाच विझतो. प्रोटेक्टर बाजूला काढून पाहिला की उलगडा होतो.

उलटी वीज मिळालेला रेडिओ वाचला का हे कळण्यासाठी त्याला वीज न देता मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवावा आणि मघाच्या साधनातून रेडिओच्या दोन वीज-जोड्यांमध्ये दोन्ही दिशांनी मोजावे. आकडा आधी चढत जाईल, कारण आतले कपॅसिटर भरत असतात. तो स्थिरावू द्यावा. दोन्ही दिशांनी शून्याच्या जवळ आला तर आतला भाग शॉर्ट झाला आहे. फक्त एका दिशेने ०.४ ते ०.७ च्या दरम्यान आला तर आडवा डायोड शाबूत असण्याची शक्यता आहे. दोन्ही दिशांनी मोकळे किंवा सारखेच चढे आकडे आले तर बहुधा आत ब्रिज आहे. याला अंदाजच मानावे. खरी परीक्षा सुलट पोलॅरिटीने, प्रवाह मर्यादित ठेवणाऱ्या पुरवठ्यावर घ्यावी.

बॅटरी आणि टॉवरवरची वीज

डोंगराकडच्या रिले जागेवर किंवा शेतात सोलरवर रेडिओ चालवताना दोन १२ व्होल्टच्या बॅटऱ्या एकापुढे एक जोडतात. बॅटरीला ॲडाप्टरसारखी समज नसते. पोलॅरिटी उलटी झाली तर ती हवा तेवढा प्रवाह देते आणि वायर वितळेपर्यंत थांबत नाही. म्हणून बॅटरीच्या प्लसजवळच एक-दोन अँपिअरचा फ्यूज असलाच पाहिजे. चार्ज होताना या जोडीचे व्होल्ट २८ च्या पुढे जातात, तेव्हा रेडिओ तेवढे सोसतो का हेही डेटाशीटमध्ये पाहावे. सोलर, बॅटरी आणि रेडिओ यांच्या मध्ये बसणाऱ्या स्वस्त चार्ज कंट्रोलरांत पुष्कळदा प्लस सगळीकडे एकच असते आणि आतला स्विच मायनसकडे असतो; अशा वेळी बॅटरीचे मायनस आणि रेडिओचे शिल्ड (केबलच्या तारांभोवतीचे धातूचे वेष्टन) दोन्ही एकाच अर्थिंगला जोडले तर वीज कंट्रोलरला वळसा घालून जाते आणि बॅटरी पूर्ण रिकामी होईपर्यंत रेडिओ चालत राहतो.

मोबाईल टॉवरवर जागा भाड्याने घेतली तर तिथे मिळणारी वीज उणे ४८ व्होल्ट असते, म्हणजे तिथे प्लसला अर्थिंग केलेले असते आणि मायनस ‘गरम’ असते. आपल्या अनेक पॅसिव्ह इंजेक्टरांत मायनस आणि केबलचे शिल्ड आतून जोडलेले असतात. असा इंजेक्टर त्या विजेवर लावून शिल्डची केबल टॉवरच्या लोखंडाला टेकली की तारा कितीही बरोबर जोडल्या असल्या तरी शॉर्ट होतो. इथे तारा फिरवून काही साधत नाही; आत-बाहेरचे विद्युत नाते पूर्ण तोडणारा आयसोलेटेड डीसी-टू-डीसी कन्व्हर्टर मध्ये बसवावा, त्याच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूंमध्ये कंटिन्युइटी नाही हे वीज देण्याआधी तपासावे, आणि त्याच्या पुढच्या बाजूला रेडिओच्या शेवटच्या प्लगवर पुन्हा मोजणी करूनच प्लग घालावा.